दप्तर, लेखणी आणि किल्ली: आधुनिक आयरिश कादंबरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश कादंबऱ्या वाचणाऱ्या मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न ७, ८ आणि ९ यांच्या उत्तरांत कथानकाचा काही भाग उघड होतो.

१. कादंबरीच्या चर्चेत ‘अभिलेखागार’ कशाला? ते तर सरकारी खाते असते ना?

‘दप्तर’ हा जुना शब्द मनात आणला तर ही अडचण दूर होते. पेशवे दप्तर म्हटले की केवळ कागदांचे रुमाल डोळ्यांसमोर येत नाहीत. ते कोणी लिहिले, कोणी बांधून ठेवले आणि पुढे कोणाला उघडू दिले, हेही ओघाने आठवते. आयरिश कादंबरीच्या संदर्भात अभिलेखागार हा शब्द याच व्यापक अर्थाने येतो. जनगणनेची पत्रके, मठांतील नोंदवह्या, मनोरुग्णालयातील केसपेपर, लोककथा टिपलेल्या वह्या, पोलिसांनी काढलेली छायाचित्रे आणि लेखकांच्या हस्तलिखितांची खोकी हे सर्व त्यात मोडते. लेखकत्वाचा प्रश्नही मुखपृष्ठावरील नावापुरता राहत नाही. बोलणारा एक, लिहून घेणारा दुसरा आणि छापण्याजोगे करणारा तिसरा असेल, तर पुस्तक कोणाचे म्हणायचे? सत्तेचा संबंध येथे येतो, कारण दप्तराच्या कपाटाची किल्ली बहुधा तिच्याकडे असते.

२. १९२२ साली डब्लिनमध्ये नेमके काय जळाले, आणि त्याचा कादंबरीशी काय संबंध?

ब्रिटनशी झालेला तह अमान्य असलेल्या सैनिकांनी एप्रिल १९२२मध्ये ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयांच्या संकुलाचा ताबा घेतला. २८ जूनला नव्या सरकारच्या फौजेने त्यावर तोफा डागल्या आणि ३० जूनला झालेल्या स्फोटात व आगीत त्याच आवारातील सार्वजनिक अभिलेख कार्यालय नष्ट झाले. सुमारे सात शतकांचे कागद तेथे होते. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक पत्रके, मृत्युपत्रे आणि चर्चच्या अनेक नोंदवह्या त्यात गेल्या.

सगळा दोष त्या आगीच्या माथी मारण्याची सवय मात्र सोडावी. १८६१ आणि १८७१ची पत्रके सरकारी आदेशानेच नष्ट झाली होती, तर १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. आग सर्वांच्या लक्षात राहिली, लगदा फारसा कोणाच्या नाही. त्यामुळे १९२२पूर्वीच्या जनगणनांपैकी १९०१ आणि १९११ या दोनच आज जवळपास पूर्ण स्वरूपात हाती आहेत.

‘आयरिश कादंबरी त्या राखेतून जन्मली’ असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. ते ऐकायला छान असले तरी मला पटत नाही. मराया एजवर्थ यांची ‘कॅसल रॅकरेंट’ १८००ची आहे. तिच्यात एका जमीनदार घराण्याचा जुना चाकर आपल्या बोलीत मालकांची कहाणी सांगतो, आणि एक काल्पनिक संपादक टिपा व शब्दार्थ जोडून त्याचे बोलणे ‘समजावून’ देतो. सांगणारा चाकर आणि त्याच्या डोक्यावर बसलेला संपादक ही जोडी आगीच्या सव्वाशे वर्षे आधी तयार होती. १९२२ नंतर एवढेच झाले, की हरवलेली नोंद ही कल्पना न राहता प्रत्येक घराचा अनुभव बनली.

३. स्वातंत्र्यलढ्यातील माणसांच्या साक्षी सरकारने नोंदवून घेतल्या होत्या. मग कादंबरीकारांनी त्या का वापरल्या नाहीत?

कारण त्या कुलूपबंद होत्या. ‘ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी’ची स्थापना १९४७ साली झाली आणि पुढील दहा वर्षांत तिने १,७७३ साक्षी लिहून घेतल्या. लोकांसाठी त्या २००३ साली खुल्या झाल्या. शिवाय साक्षींचा काळ १९१३पासून जुलै १९२१च्या युद्धबंदीपर्यंतच ठरवलेला होता. त्यानंतरचे यादवी युद्ध, म्हणजे भावाने भावावर बंदूक रोखल्याचा काळ, त्या चौकटीबाहेर राहिला. काय विचारायचे हे ठरवले की काय विसरायचे हेही ठरते.

रॉडी डॉइल यांची ‘अ स्टार कॉल्ड हेन्री’ १९९९ची, म्हणजे हे कपाट उघडण्यापूर्वीची आहे. तिचा नायक हेन्री डब्लिनच्या झोपडवस्तीतला पोर. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावात आपण होतो, शरणागतीच्या वेळी बंडखोरांचे एक नेते डी व्हॅलेरा यांच्या शेजारी उभे होतो, असे तो सांगतो; पण छापलेल्या छायाचित्रात त्याचे फक्त कोपर उरते आणि पुढच्या आवृत्त्यांत तेही जाते. ही गंमत हवेतून आलेली नाही. त्याच उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स शरण गेले तेव्हा परिचारिका एलिझाबेथ ओ’फॅरेल त्यांच्यासोबत उभ्या होत्या. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात त्या पिअर्स यांच्या आड गेल्या आहेत, फक्त पावले दिसतात, आणि ते चित्र छापताना काही ठिकाणी ती पावलेही पुसून टाकली गेली.

४. आयर्लंडमध्ये पुस्तकांवर बंदी असे, म्हणजे नेमके कसे?

१९२९च्या कायद्याने नियंत्रण मंडळ आले आणि बंदी घातलेल्या पुस्तकांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. एडना ओ’ब्रायन यांची पहिली कादंबरी ‘द कंट्री गर्ल्स’ (१९६०) तिच्यात गेली. जॉन मॅक्गाहर्न यांच्या ‘द डार्क’वर १९६५ साली बंदी आली आणि पाठोपाठ त्यांची शिक्षकाची नोकरीही गेली. १९६७च्या सुधारणेनुसार बंदी बारा वर्षांनी आपोआप संपू लागली. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीवर आयर्लंडमध्ये अधिकृत बंदी कधीच नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते.

या काळातील मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग कादंबरीचा नाही. कॉर्क परगण्यातील एका म्हाताऱ्या शिंप्याच्या आणि त्याच्या बायकोच्या गप्पा एरिक क्रॉस यांनी टिपून घेतल्या आणि १९४२ साली ‘द टेलर अँड अ‍ॅन्स्टी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पुस्तकावर बंदी आली. काही पाद्री शिंप्याच्या घरी आले आणि त्याच्याजवळची प्रत त्याला त्याच्याच चुलीत टाकायला लावली. सिनेटमध्ये वाद झाला तेव्हा सर जॉन कीन यांनी पुस्तकातील उतारे मोठ्याने वाचून दाखवले, पण अधिकृत इतिवृत्तातून ते वगळण्यात आले. बोललेले शब्द दुसऱ्याने लिहिले, सरकारने नाकारले, आणि मग नाकारण्याच्या चर्चेच्या नोंदीतूनही ते गळले.

५. पेग सेयर्स यांचे आत्मचरित्र त्यांनी स्वतः लिहिले नव्हते, हे खरे का? मग ते कोणाचे?

खरे आहे. ग्रेट ब्लास्केट बेटावर राहणाऱ्या पेग यांना आयरिश भाषेत लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले, मुलाने लिहून घेतले, डब्लिनच्या एका संपादिकेने ते छापण्यासाठी सिद्ध केले आणि १९३६ साली ‘पेग’ प्रसिद्ध झाले. पुढे ते शाळेत लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी दुःख सोसणारी, सदा देवाचे नाव घेणारी म्हातारी म्हणून पेगना ओळखले (आणि मनोमन शिव्याही घातल्या). लोककथा गोळा करणाऱ्यांनी त्यांच्याकडून टिपलेल्या शेकडो कथा पाहिल्या की वेगळीच बाई भेटते: मिश्कील, मोकळी, श्रोत्यांना खेळवणारी. छापील पुस्तकात काय घ्यायचे हे मात्र इतरांनी ठरवले होते.

त्याच सुमारास सरकारनेही ऐकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. १९३५ साली लोककथा आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील जवळजवळ ५०,००० मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत उतरवले. पानावर बहुधा मुलाचे नाव असते आणि सांगणाऱ्याचेही. लेखक कोण, या प्रश्नाला ‘दोघेही’ असे साधे उत्तर तेथे मिळते, जे छापील पुस्तकाला सहसा देता येत नाही.

६. फ्लॅन ओ’ब्रायन यांच्या कादंबरीत पात्रे लेखकावर खटला भरतात. हा केवळ विनोद आहे का?

विनोद आहेच, आणि तो आधी विनोद म्हणूनच वाचावा. ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’ (१९३९) या कादंबरीत एक विद्यार्थी कादंबरी लिहितो. तिच्यात ट्रेलिस नावाचा कादंबरीकार आहे, जो पात्रांना आपल्याच खाणावळीत ठेवून त्यांच्यावर नजर ठेवतो. पात्रे त्याला गुंगीचे औषध देतात, तो झोपला की आपल्या मनासारखे जगतात आणि शेवटी त्याचा न्याय करायला बसतात. लेखक म्हणजे मालक, ही समजूत येथे मुळापासून हलते. फ्लॅन ओ’ब्रायन या नावाने हे लिहिणारे ब्रायन ओ’नोलन सरकारी नोकर होते आणि त्यांनी अशी अनेक टोपणनावे घेतली, ही गोष्ट लक्षात ठेवली की खाणावळीतील हजेरीपटाचा विनोद अधिक झोंबतो.

त्यांनी १९४१ साली आयरिशमध्ये लिहिलेले ‘अन बेअल बॉख्त’ हे प्रश्न ५मधील आत्मचरित्रांचे विडंबन आहे. त्यात शहरातून आलेला एक अभ्यासक अंधाऱ्या झोपडीत डुकराचे गुरगुरणे ध्वनिमुद्रित करतो, ते शुद्ध आयरिश आहे असे मानतो आणि बर्लिनच्या पंडितांकडून वाहवा मिळवतो. लोकांचे बोलणे गोळा करणाऱ्या संस्थांवर इतकी निर्दय टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही.

७. ‘द सीक्रेट स्क्रिप्चर’मध्ये दोन हकिकती परस्परविरोधी आहेत. खरी कोणती मानायची?

सबॅस्टियन बॅरी यांच्या या कादंबरीत (२००८) शंभरीच्या घरातील रोझॅन रॉसकॉमनच्या मनोरुग्णालयात आपली कहाणी लिहून लाकडी जमिनीखाली लपवते. रुग्णालय पाडायचे आहे, म्हणून कोणाला बाहेर सोडता येईल हे डॉ. ग्रीन तपासत आहेत. तेही वही लिहितात. त्यांच्या हाती फादर गाँट या पाद्र्याने पूर्वी लिहिलेली जबानी येते. रोझॅन सांगते की वडील स्मशानभूमीचे रखवालदार आणि नंतर उंदीर मारणारे होते; पाद्र्याच्या कागदात ते पोलीस ठरतात, आणि त्यांच्या मृत्यूचे तपशीलही बदलतात.

पाद्री खोटारडा आणि म्हातारी खरी, अशी सोपी वाटणी बॅरी करू देत नाहीत. रोझॅनची स्मृती अनेक ठिकाणी चुकते, आणि पाद्र्याच्या कागदातील काही गोष्टी खऱ्या निघतात. फरक कागदाच्या वजनाचा आहे. पाद्र्याच्या लेखी मतावर एका बाईचे लग्न मोडते, तिला अनेक दशके कोंडून ठेवले जाते. तिच्या स्वतःच्या लिखाणाने काहीच घडत नाही, कारण ते फळीखाली आहे. ज्याच्या चुकीला शिक्का मिळतो त्याची चूक इतिहास होते, ही गोष्ट कादंबरी सांगत नाही, घडवून दाखवते. शेवटी मात्र लेखकाने योगायोगाने सगळे धागे जुळवले आहेत, आणि तेथे पुस्तक आपलाच मुद्दा हलका करते असे मला वाटते. कोस्टा पुरस्कार देताना परीक्षकांनीही शेवट आवडला नसल्याचे उघडपणे सांगितले होते.

८. मॅग्डलेन धुलाईघरांविषयी जाणून घ्यायला ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ पुरेशी आहे का? ती पुरावा मानता येईल का?

पुरावा म्हणून नाही. (मॅग्डलेन धुलाईघरे म्हणजे कॅथलिक जोगिणींनी चालवलेली, स्त्रियांना कोंडून त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घेणारी घरे.) क्लेअर कीगन यांनी स्वतःच पुस्तकाच्या अखेरच्या टिपणात ही कल्पित कथा असल्याचे आणि धुलाईघरांच्या बहुतेक नोंदी नष्ट झाल्या, हरवल्या किंवा पाहायला मिळत नाहीत असे नमूद केले आहे. पुराव्यासाठी २०१३चा सरकारी अहवाल वाचावा लागतो. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १०,००० स्त्रिया या धुलाईघरांत गेल्याची नोंद त्यात आहे, आणि सरकारी खात्यांचा सहभागही. मात्र त्या अहवालालाही धर्मसंघांनी दाखवलेल्या कागदांवर विसंबावे लागले.

कादंबरीचे बळ वेगळे आहे: नोंद कशी घडते हे ती दाखवते. १९८५च्या नाताळाआधीचे न्यू रॉस गाव. कोळसा विकणारा फरलाँग याच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिले आहे, आणि तो दाखला हाती देणारा कारकून कुत्सितपणे हसलेला त्याला आठवतो. मठाच्या कोळशाच्या कोठारात सापडलेल्या मुलीला आत ‘एंडा’ म्हणतात. तिचे खरे नाव सारा. एका रकान्यातला शब्द आणि एक बदललेले नाव, एवढ्यात कीगन यांनी सगळे बसवले आहे. तरीही एक आक्षेप नोंदवावा लागतो. ही गोष्ट एका सज्जन पुरुषाच्या सदसद्विवेकाची आहे. सारा फार थोडे बोलते.

वास्तवातही बोलण्याचा प्रश्न सुटलेला नाही. अविवाहित मातांना आणि त्यांच्या मुलांना ठेवले जाई त्या माता-बालगृहांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१मध्ये आला. १८ संस्थांत सुमारे ९,००० मुले दगावल्याचे त्यात म्हटले आहे. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे सुमारे ५५० जणांनी तोंडी साक्ष दिली, आणि त्या साक्षींची ध्वनिमुद्रणे आयोगाने पुसून टाकली. लोक संतापल्यानंतर ती राखीव प्रतींतून परत मिळवण्यात आली. आपले बोलणे अहवालात वेगळेच उतरले अशी तक्रार अनेकांनी केली. प्रश्न ५मधील पेग यांना ती ओळखीची वाटली असती.

९. उत्तर आयर्लंडच्या कादंबऱ्यांना हेच लागू होते का?

बऱ्याच अंशी उलटे. दक्षिणेत नोंद नसण्याचे दुःख आहे, तर ब्रिटनकडे राहिलेल्या आणि दीर्घ सशस्त्र संघर्ष पाहिलेल्या उत्तरेत नोंद होण्याची भीती. अ‍ॅना बर्न्स यांच्या ‘मिल्कमन’मध्ये (२०१८, बुकर पुरस्कार) कोणाला नाव नाही, निवेदिका ‘मधली बहीण’ आहे, तिचा मित्र ‘कदाचित-प्रियकर’. एक संशयित माणूस तिच्याबरोबर धावू लागतो आणि झुडपातून कॅमेऱ्याचा ‘क्लिक’ ऐकू येतो. त्या क्षणापासून ती सरकारच्या फायलीत आणि वस्तीच्या कुजबुजीत एकाच वेळी दाखल होते. ती काय म्हणते याला दोन्हीकडे किंमत नाही.

शेमस डीन यांच्या ‘रीडिंग इन द डार्क’मधील (१९९६) डेरीचा मुलगा घरातले गुपित लिहून काढतो, मग त्याचे आयरिशमध्ये भाषांतर करतो आणि इंग्रजी मजकूर नष्ट करतो. ते सगळे तो आईवडिलांना स्थानिक इतिहासावरील निबंध म्हणून वाचून दाखवतो. वडिलांना आयरिश कळत नाही. आईला काहीतरी उमगते. सांगितले, आणि सांगितले नाही.

ही भीती अनाठायी नव्हती. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती, त्यांच्या हयातीत गुप्त ठेवण्याच्या बोलीवर, ध्वनिमुद्रित केल्या. २०११पासून पोलीस तपासासाठी त्या मागवल्या गेल्या आणि काही द्याव्याही लागल्या.

१०. ‘अ घोस्ट इन द थ्रोट’ ही कादंबरी आहे का?

काटेकोरपणे नाही, आत्मकथन, शोध आणि कल्पना यांची ती वीण आहे, पण या विषयात तिला टाळता येत नाही. आयलीन डूव्ह नी खोनिल या स्त्रीचा पती आर्ट ओ’लिअरी १७७३ साली गोळी लागून मेला. त्याच्यावर तिने रचलेला विलाप दीर्घकाळ तोंडी चालत आला आणि नंतर दुसऱ्यांच्या हातांनी कागदावर उतरला. डिरन नी ग्रीफा (२०२०) मुलांचे दूधपाणी सांभाळत तिच्या आयुष्याचा माग काढतात, तेव्हा त्यांना पुरुषांच्या पत्रांत कोणाची तरी बायको, मुलगी किंवा आत्या एवढीच ती सापडते. रिकाम्या जागा त्या कल्पनेने भरतात, आणि आपण भरत आहोत हे लपवत नाहीत.

स्त्रियांचे हे गायब होणे फक्त जुन्या काळचे नाही. १९९१ साली आलेल्या ‘फील्ड डे’ या आयरिश साहित्याच्या भव्य तीन खंडी संकलनात स्त्रियांना इतकी कमी जागा मिळाली, की २००२मध्ये आणखी दोन खंड काढावे लागले. मुख्य संपादक होते प्रश्न ९मधले शेमस डीन. दडपलेल्या आवाजांवर इतके सूक्ष्म लिहिणाऱ्यालाही हे दिसले नाही.

११. लेखकांच्या स्वतःच्या कागदांचे काय? जॉइस यांच्या वारसांविषयी बरेच ऐकू येते.

जॉइस यांचा नातू स्टीफन याने, आत्या लुशिया हिने आपल्याला लिहिलेली पत्रे नष्ट केल्याचे १९८८ साली जाहीर केले, आणि पुढे अनेक अभ्यासकांना अवतरणांची परवानगी नाकारली. युरोपात २०११अखेर प्रकाशनहक्क संपले तेव्हा ही पकड सुटली. एरवी आयर्लंडने नाकारलेल्या लेखकाच्या हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाने २००२ साली सुमारे १ कोटी २६ लाख युरो मोजले. घराण्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही. लुशियाने बरेच आयुष्य मनोरुग्णालयात काढले होते आणि तिच्या पत्रांवर तिचाही काही हक्क होताच. गंमत अशी की ‘फिनेगन्स वेक’मध्ये जॉइस यांनीच सर्वांत महत्त्वाचे पत्र एका कोंबडीला उकिरड्यातून उकरून काढायला लावले आहे.

१२. सॅम्युएल बेकेट यांच्या कादंबऱ्यांत तर इतिहासच नाही. त्यांना यातून वगळावे का?

नको. ‘मलॉय’मधील मोरान वरिष्ठांच्या हुकमावरून अहवाल लिहितो. मध्यरात्र आहे, पाऊस पडतो आहे, अशी त्याची सुरुवात होते. शेवटी तो लिहितो की मध्यरात्र नव्हती आणि पाऊसही नव्हता. अहवाल या प्रकाराची इतक्या थोडक्यात कोणी वाट लावलेली नाही.

१३. ज्यांचे कागद नाहीत त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कादंबरीकाराला असतो का?

या प्रश्नावर आयर्लंडमध्येही एकमत नाही. एडना ओ’ब्रायन यांनी १९९४च्या खऱ्या हत्याकांडावर ‘इन द फॉरेस्ट’ (२००२) लिहिली तेव्हा, दुःख ताजे असताना त्यावर कादंबरी रचली म्हणून कडक टीका झाली. त्याच्या तीस-चाळीस वर्षे आधी जिच्या पुस्तकांवर बंदी आली त्याच लेखिकेविषयी हा आक्षेप होता, म्हणून तो सेन्सॉरच्या जातीचा ठरवणे सोपे होते; पण तो तसा नव्हता. जिवंत माणसांना आपली कथा आपल्या शब्दांत सांगायची असू शकते, आणि प्रसिद्ध लेखकाचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा असतो. माझ्यापुरते मी एवढेच पाहतो की कादंबरी आपली शिवण दाखवते की झाकते. नी ग्रीफा ती दाखवतात (प्रश्न १०). बॅरी अखेरीस झाकतात (प्रश्न ७). कीगन टिपणात दाखवतात, कथेत नाही. हा निकष सर्वांना लावता येईल असा माझा दावा नाही.

१४. मूळ कागद घरबसल्या पाहता येतात का? आयरिश भाषा यावी लागते का?

बरेच पाहता येतात, तेही विनामूल्य. १९०१ आणि १९११ची जनगणना, प्रश्न ३मधील साक्षी आणि प्रश्न ५मधील शाळकरी मुलांच्या वह्या संकेतस्थळांवर आहेत, आणि त्यांतील पुष्कळ मजकूर इंग्रजीत आहे. १९२२ साली जळालेल्या कागदांच्या इतरत्र उरलेल्या नकला जमवून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने २०२२मध्ये एक आभासी अभिलेखागार उभे राहिले आहे. संसदेची जुनी इतिवृत्तेही खुली आहेत. प्रश्न ४मधील वाद वाचायचा असेल तर नोव्हेंबर १९४२ची सिनेटची कामकाजनोंद उघडावी; जेथे शिंप्याचे शब्द यायला हवे होते तेथे, सदस्यांनी पुस्तकातून उतारा वाचला, एवढीच कंसातली ओळ दिसते.